सड्या स्वारीची आणि एका गोधडीची हकीकत

श्री. जो देव एवढे थोरले उदर घेऊन एवढ्याशा उंदरावर स्वार होतो, आणि त्रैलोक्य हिंडतो, आणि संगे पाश, अंकुश व मोदक याहून अधिक सामान बाळगीत नाही, त्या गजाननास नमन करून लेखनास आरंभ केला असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, माघ मासी एका राज्यात हे वर्तमान घडले. राज्याचे नाव सांगावयाची आज्ञा नाही. विस्तार तीन दालने आणि एक सज्जा, ठाणे तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बहुधा बंद, त्यामुळे किल्ला दुर्गम. तेथे श्रीमंत मार्तंडराव सरकार राज्य करीत होते. पूर्वी पाटबंधाऱ्याचा सुभा सांभाळून निवृत्त जाहले होते, आणि इतिहासाचे ग्रंथ वाचावयाचा नाद होता, आणि वाचिलेले दुसऱ्यास ऐकवावयाचा त्याहून मोठा नाद होता. राणीसाहेब कुमुदिनीबाई. कन्या इरावती, ती उत्तरेकडील बर्फाच्या मुलुखी आपल्या यजमानांसह राहात असे, आणि तिचे दिवस भरत आले होते, म्हणोन उभयतांनी तिकडे जावे, आणि सहा मास राहून बाळंतपण करून यावे, ऐसा निश्चय जाहला.

मग सरकारांनी भोजनापूर्वी दरबार भरविला. दरबारी राणीसाहेब एकट्याच, आणि त्याही भेंडी चिरीत होत्या. सरकार बोलिले, "या वेळी सडी स्वारी. बुणगे एक घ्यायचे नाहीत." बुणगे म्हणजे फौजेमागे फरफटत चालणारे सामानसुमान आणि बाजारगर्दी. त्यांच्या पायी मोठमोठी लष्करे बुडाली हे सरकारांस तोंडपाठ होते, आणि स्वतःचाही एक पराभव मनात सलत होता. तो ऐसा की, मागील मोहिमेत पेट्यांवर पेट्या नेल्या, आणि परमुलुखीच्या विमानतळी फिरत्या पट्ट्यावर त्यातील एक फुटली, आणि थालिपिठाची भाजणी चहूकडे उधळली, आणि पट्टा फिरतच राहिला, आणि भाजणी दर फेरीस सरकारांसमोरून मिरवत गेली, आणि सामोरे आलेले जावई 'ही मंडळी आपली नव्हेत' ऐसे तोंड करून खांबाआड उभे राहिले. तेव्हापासून सरकारांनी पण केला होता, तो आता जाहीर केला, की माणशी एक लहान पेटी, हाती धरून विमानात न्यावयाची, सात किलोची, त्याहून गुंजभर अधिक नाही. राणीसाहेबांनी विळी थांबवून विचारिले, "सहा महिने? सात किलोत?" सरकार बोलिले, "बायकोमुलं मागं ठेवून, घोड्याच्या पाठीवर भाकरी खाऊन लोकांनी राज्यं जिंकलीत. इतिहास वाच." राणीसाहेब बोलिल्या, "इतिहासाला कपडे वाळत घालावे लागत नाहीत."

परंतु राणीसाहेब हट्टी नव्हत्या, त्यांनी एकच गोष्ट मागितली. ती गोष्ट गोधडी. आपल्या मातोश्रींचे मऊ पडलेले लुगडे, आपले डोहाळजेवणाचे पातळ, आणि इरावतीची लहानपणीची झबली, ऐशी एकावर एक घालोन त्यांनी सारा पावसाळा बसोन ती शिवली होती, आणि बोटांस सुयांनी चाळण जाहली होती. "इराला पहिल्यांदा टेकवली ती माझ्या आईच्या गोधडीवर. तिच्या बाळाला माझ्या गोधडीवर टेकवायचं. मला साड्या नकोत, काही नको, एवढी मात्र न्यायची," ऐसे राणीसाहेब बोलिल्या. सरकार पाषाणहृदयी नव्हते. म्हणाले, "सातात बसली तर खुशाल ने."

मग वजनाचा विधी जाहला. वजनकाटा स्नानगृहातला, त्यावर पेटी ठेविली तर आकडा झाकला जाई, म्हणोन सरकारांनी युक्ती काढिली. प्रथम आपण रिकाम्या हाती उभे राहिले, एकाहत्तर भरले. मग पेटी कवटाळून उभे राहिले, अठ्याहत्तर भरले. वजाबाकी करिता सात. राणीसाहेबांची पेटी गोधडीसह नेमकी सातात बसली, आणि राणीसाहेबांनी देवापुढे साखर ठेविली. सरकार बोलिले, "आता रोज सकाळी मोजायचं. माझे एकाहत्तर पक्के. राजाचं वजन पुन्हा पुन्हा काय मोजायचं?" हेच पुढील अनर्थाचे मूळ, परंतु ते समयी कोणाच्या ध्यानी आले नाही.

इतक्यात स्वारी परमुलुखी निघणार ही खबर फुटली, आणि आप्तमंडळींत एकच धावपळ जाहली, कारण आमच्या मुलुखी रीत ऐशी आहे की परदेशी निघालेल्या माणसास जेवू घातल्यावाचून सोडू नये, जणू तिकडे अन्न उगवतच नाही. आज मेहुण्यांकडे पुरणपोळी, उद्या चुलत्यांकडे श्रीखंड, परवा व्याह्यांकडे उकडीचे मोदक, आणि सर्वत्र "आता तिकडे कुठलं मिळायला, आणखी एक घ्या" ऐसा आग्रह. सरकारांनी कोणत्याही आघाडीवर माघार घेतली नाही. आणि जेवू घालणारा प्रत्येकजण निघताना एक पुडके पुढे करी, आणि म्हणे, "जाताच आहात तर एवढं आमच्या मुलाला द्या, एवढंसं तर आहे." तळमजल्याच्या शैलाबाई पोंक्षे कैरीचे लोणचे घेऊन आल्या, त्यांचा पुत्र इरावतीच्या गावापासून शंभर कोसांवर राहात होता, तरी त्यांच्या मते ते वाटेतच होते. तोंडावर नाही म्हणणे सरकारांस जमेना, म्हणोन "ठेवा, बघू" ऐसे बोलून त्यांनी ती सर्व पुडकी दिवाणखान्यातील दिवाणाच्या पोटी कैद केली. लोणचे तेथेच मुरत राहिले.

आणि इकडे चमत्कार जाहला. मोदकांच्या दुसऱ्या दिवशी सरकार पेटी घेऊन काट्यावर चढले, तो पेटी आठ किलो. राणीसाहेबांनी सपाता काढिल्या. मग बासुंदी जाहली, आणि पेटी पुन्हा आठ. राणीसाहेबांनी दोन साड्या काढिल्या, सरकारांनीही आपल्या पेटीतून पायमोजे, कानटोपी आणि इतिहासाचा एक खंड काढिला, तरी वजन चढतेच. सरकार म्हणाले, "दमट हवा. कापड पाणी पितं." मग शिकरण, मग चिरोटे, आणि कूच उद्यावर आले, आणि काटा पुन्हा आठ दाखवू लागला, आणि पेटीत काढण्याजोगे एक गोधडीच उरली. सरकार खाली मान घालून बोलिले, "कुमुद, गोधडी राहू दे. तिकडे दुकानात मिळतात." राणीसाहेब भांडल्या नाहीत. त्यांनी गोधडी उचलली, छातीशी धरली, आणि आतल्या दालनात निघून गेल्या. सरकारांस वाईट वाटले, परंतु पण तो पण.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी विमानतळी दाखल जाहली. निरोप द्यावयास सरकारांच्या थोरल्या भगिनी अनसूयाअक्का खाशा आल्या होत्या. मातोश्री लवकर वारल्या, तेव्हा याच अक्कांनी सरकारांचे नाक पुसून त्यांस वाढविले होते, म्हणोन साऱ्या राज्यात सरकार भीत असत ते यांसच. दरवाजापाशी अक्कांनी जुन्या लुगड्यात बांधिलेले एक गाठोडे पुढे केले, आणि म्हणाल्या, "मार्तंडा, हे इराला. जुने मऊ कपडे आहेत, बाळंतपणात लागतात." सरकार चाचरत बोलिले, "अक्का, पण सडी स्वारी..." अक्का म्हणाल्या, "सडी का फडी, धर!" आणि सरकारांनी धरिले.

परंतु आत जाताच सरकारांच्या मनी कपट आले. पण मोडत होता, आणि फिरता पट्टा डोळ्यांपुढे दिसत होता. मग त्यांनी गाठोडे हळूच एका बाकावर ठेविले, आणि छताकडे पाहात पुढे चालू लागले. राणीसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले, त्या जागीच खिळल्या, तोच एक शिपाई धावत आला आणि गरजला, "ओ काका! गाठोडं कुणाचं? बेवारस सामान ठेवायचं नाही!" चहूकडील लोक पाहू लागले, आणि सरकारांनी गाठोडे निमूट काखेत मारिले.

मग तपासणीची खिडकी आली. तेथील मुलीने राणीसाहेबांची पेटी काट्यावर ठेविली आणि म्हणाली, "चार किलो." सरकार बोलिले, "मुली, तुझा काटा बिघडलाय. ती सातच्या खाली नाही." तिने सरकारांचीही पेटी ठेविली, तीही चार. "काका, तुम्ही फिरायला चाललात की भाजी आणायला?" ती हसून म्हणाली. सरकारांनी दोन्ही पेट्या खाली उतरविल्या, आणि जे कोणी कधी केले नाही ते केले, स्वतःच रिकाम्या हाती काट्यावर चढले. काट्याने आकडा दाखविला, चौऱ्याहत्तर. रांगेत हशा पिकला. मुलगी म्हणाली, "उतरा काका, नाहीतर तुम्हालाच टॅग लागेल." परंतु सरकारांस ऐकू येईना. पुरणपोळी, श्रीखंड, मोदक, बासुंदी, शिकरण आणि चिरोटे ऐसे एकेक करोन डोळ्यांपुढून गेले, आणि कळले, की बुणगे पेटीत नव्हते, ते आपल्या सदऱ्याखाली होते.

मग सरकार उतरोन बाजूस बाकावर बसले, आणि डोळ्यांस पाणी आले, आणि सर्वांदेखत बोलिले, "कुमुद, गोधडी बसत होती गं. मी माझ्या पोटापायी बाहेर काढली. आता इराला काय सांगू?" राणीसाहेब शेजारी बसल्या, आणि म्हणाल्या, "वन्संचं गाठोडं सोडा." सरकारांनी गाठ सोडिली. वर एक जुने लुगडे, आणि आत गोधडी. सरकार गोधडीकडे पाहतात आणि राणीसाहेबांकडे पाहतात. राणीसाहेब म्हणाल्या, "माझं तुम्ही ऐकत नाही, आणि वन्संचं मोडत नाही. काल संध्याकाळीच त्यांच्याकडे पोचवली." मग म्हणाल्या, "बाकावर सोडून निघालात, तेव्हा मात्र जीव गेला होता माझा." सरकारांनी गोधडीची घडी आपल्या हाताने पेटीत घातली, आणि पेटी काट्यावर ठेविली, आणि आकडा न पाहताच उचलली.

येणेप्रमाणे सडी स्वारी परमुलुखी पोहोचली. पंधरवड्यात नातीसाहेबांचा जन्म जाहला, आणि त्यांस प्रथम गोधडीवर टेकविले, आणि टेकताक्षणीच त्यांनी गोधडीस स्नान घातले. गोधडी पहिल्याहून दुप्पट जड जाहली. सरकारांनी ती स्वहस्ते धुतली, पिळली, खांद्यावर घेतली, आणि बर्फाच्या मुलुखी ऊन शोधीत अंगणभर हिंडले. जावई म्हणाले, "बाबा, जड आहे, मी धरतो." सरकार बोलिले, "काही जड नाही." इति सड्या स्वारीची हकीकत, जैसी घडली तैसी लिहिली असे.