दिल्लीच्या नकाराचे पेढे

बढतीचे पेढे मी खाल्लेत, बारशाचे खाल्लेत, एकदा तर नवीन फ्रिजचेही खाल्लेत. पण अर्ज नामंजूर झाल्याचे पेढे मला आयुष्यात एकाच माणसाने दिले. आमच्या पनवेलच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक तुंगारे सर. आणि ते एकदा नव्हे, दर वर्षी, नेमाने.

नव्वदच्या आसपास मी त्या कॉलेजात नवा नवा लागलो. आमच्या विभागात माणसं तीन. तुंगारे सर, मी आणि प्रयोगशाळेचे शिपाई धर्माभाऊ. रुजू होऊन पंधरा दिवस झाले असतील. सर हातात पेढ्यांचा पुडा घेऊन स्टाफरूममध्ये शिरले आणि म्हणाले, "घ्या साळवी, दिल्लीचं पत्र आलं. नाही म्हणालेत!"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी धर्माभाऊंकडे बघितलं. त्यांनी आपले दोन पेढे आधीच तोंडात टाकले होते.

"दर साली येतंय," ते तोंड भरलेलं असतानाच म्हणाले. "तुमी खावा. इचार नाय करायचा."

दिल्ली म्हणजे कॉलेजातल्या प्राध्यापकांना संशोधनासाठी पैसे देणारं कार्यालय. सर त्याला नुसतं 'दिल्ली' म्हणत, जशी एखादी सासुरवाशीण 'माहेर' म्हणते. पेढ्यांमागचं त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. "अहो, नाही म्हणायला तरी अर्ज वाचावा लागतो. म्हणजे निदान एका माणसाने निवटीबद्दल बारा पानं वाचली. नोंद घ्या!"

'नोंद घ्या' हे त्यांचं पालुपद. चहात साखर कमी पडली तरी नोंद घ्या, घंटा दोन मिनिटं उशिरा झाली तरी नोंद घ्या. आणि निवटी हे त्यांचं वेड. खाडीच्या चिखलात राहणारा बोटभर मासा. ओहोटीला बिळातून बाहेर येतो, चिखलावर तुरुतुरु चालतो, डोळे डोक्यावर ठेवल्यासारखे वर काढून इकडेतिकडे बघतो. पनवेलची माणसं तो आवडीने कालवणात घालतात. सर मात्र बाजारात कोळणीच्या टोपलीपुढे उकिडवे बसून तिची उलटतपासणी घेत. ही कुठल्या बाजूच्या चिखलातली? बीळ केवढं होतं? नर किती, माद्या किती? एकदा ती बाई वैतागून म्हणाली, "मास्तर, खावाची हाय का तिचा लगीन लावाचा हाय?" सरांनी हे वाक्यसुद्धा वहीत लिहून घेतलं. तारीख आणि वेळेसकट.

खारघरच्या बाजूला तेव्हा नव्या शहरासाठी भराव पडत होता. डंपर येत, माती टाकत, जात. जिथे निवट्या होत्या तिथे सपाट मैदान होई. सरांना हा मासा पुरता नोंदवून ठेवायचा होता. तो कुठे होता, कसा जगत होता, चिखल गेल्यावर कुठे गेला. त्यासाठी त्यांना दिल्लीकडून हवं होतं ते फार नव्हतं. एक चांगला मायक्रोस्कोप, थोडी रसायनं आणि करंजा बंदरापर्यंतचा किनारा फिरायला एसटीचा खर्च.

अडचण अर्जातल्या एका रकान्याची होती. 'संस्थेत उपलब्ध असलेल्या सुविधा.' इतर लोक तिथे पानभर यादी लिहीत. सर लिहीत, 'मायक्रोस्कोप एक. डावीकडून उजेड आल्यास दिसते. पाऊस असल्यास दिसत नाही.' प्राचार्य सही करताना कपाळाला हात लावत. "तुंगारे, जरा सजवून लिहा की हो!"

"सर, तो मासा सजून राहत नाही. आपण का राहावं?"

मग चार-सहा महिन्यांनी दिल्लीचं पत्र येई : आपल्या संस्थेत पुरेशा सुविधा नसल्याने अनुदान देता येत नाही. सर ते मला मोठ्याने वाचून दाखवीत. "बघा, आमच्याकडे काही नाही म्हणून मागतो, आणि काही नाही म्हणून मिळत नाही. किती चोख आहे! कुठे फट म्हणून नाही." आणि पेढे आणायला निघत. एवढ्या वर्षांत हा माणूस एकदाही चिडलेला मी पाहिला नाही. मी मात्र प्रत्येक पत्राला चिडायचो, आणि पेढाही खायचो.

माझं चौथं वर्ष सरांसाठी अर्जाचं शेवटचं होतं. प्रकल्प तीन वर्षांचा, आणि तो संपेपर्यंत अर्जदार नोकरीत हवा असा नियम. सरांच्या निवृत्तीला तीन वर्षं आणि थोडे महिने उरले होते. या वेळी हुकलं की कायमचं हुकलं. आणि नेमकं या वेळी दिल्लीहून नकार आलाच नाही. पत्र आलं की आमच्या तज्ज्ञ बाई प्रत्यक्ष पाहणीला येत आहेत.

सरांनी त्या दिवशी पेढे आणले नाहीत. नुसते खिडकीपाशी उभे राहिले. मग म्हणाले, "साळवी, कोणीतरी येतंय हो बघायला."

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाहणी म्हटली की शेजारच्या कॉलेजातून सामान उसनं आणायचं, ही आमच्याकडे जुनी रीत. विद्यापीठाची समिती आली की अर्ध्या तालुक्याची पुस्तकं आमच्या ग्रंथालयात पाहुणी येत. प्राचार्य म्हणाले, "बाईंपुढे लॅब रिकामी दिसता कामा नये. तुम्ही आठ मायक्रोस्कोप घेऊन या. तुंगारेंना आधी सांगू नका, ते सगळं खरं सांगून बसतील." मी आधी दोन वर्षं हंगामी होतो, आता प्रोबेशनवर. कायम व्हायला एक महिना होता. शिवाय खरं सांगतो, सरांचं भलं होईल असंच मला वाटलं. हनीफभाईंचा टेम्पो केला, गोधड्यांत गुंडाळून आठ मायक्रोस्कोप आणले, सही करून दिली आणि सकाळी लवकर येऊन टेबलावर मांडले. लॅब अशी चमकत होती की धर्माभाऊ चपला बाहेर काढून आत आले.

सर आले आणि दारातच थबकले. काही विचारणार, तेवढ्यात प्राचार्य तज्ज्ञ बाईंना घेऊन मागून आत शिरले.

बाई साध्या होत्या, अर्ज नीट वाचून आल्या होत्या. त्यांनी आठही मायक्रोस्कोप पाहिले आणि हातातले कागद चाळले. "प्रोफेसर साहब, फॉर्म में तो आपने एक ही लिखा है. ये सब आपके हैं?"

प्राचार्य छताकडे बघू लागले. टेबलाखालून एका लाकडी पेटीचा कोपरा बाहेर आला होता आणि त्यावर त्या दुसऱ्या कॉलेजचं नाव रंगवलेलं होतं. सरांनी ते वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार. त्यांनी पायाने ती पेटी हळूच आत सरकवली.

"जी, हमारे ही हैं," सर म्हणाले. "फॉर्म में गलती हो गई. मेरी गलती."

बाईंना वाईट वाटलेलं दिसलं. "फिर तो आपको ज़रूरत नहीं है," त्या म्हणाल्या. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, चहा घेतला आणि त्या गेल्या.

मी सरांसमोर उभा राहिलो तेव्हा मला रडू येत होतं. "सर, खरं का नाही सांगितलंत? शेवटचं वर्ष होतं तुमचं."

"सामान आणल्याची सही कोणाची आहे?"

"माझी."

"मग? प्राचार्यांनी सांगितलं असं प्राचार्य थोडेच म्हणणार होते! माझी तीन वर्षं राहिलीत, साळवी. तुमची तीस आहेत." एवढं बोलून ते घड्याळाकडे बघायला लागले. "परत कधी द्यायचेत हे?"

"आजच दुपारी. त्यांचं उद्या प्रॅक्टिकल आहे."

"मग वेळ आहे थोडा."

त्यांनी कपाट उघडून एक स्लाइड काढली, जपून पुसली आणि मधल्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. निवटीच्या कातडीचा काप होता. हा मासा कातडीतूनही श्वास घेतो, हे सर वर्गात शिकवत आले होते. ते वाकले आणि वाकलेच राहिले. किती तरी वेळाने डोळा न काढता म्हणाले, "अहो, रक्तवाहिन्या दिसतायत. एकेक वेगळी दिसतेय. मी मुलांना या आजपर्यंत फळ्यावर अंदाजाने काढून दाखवत होतो हो." मग त्यांनी मला बोलावलं, आपल्या जागी बसवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

खाली हनीफभाईंनी हॉर्न वाजवला. सर दचकले आणि घाईने मायक्रोस्कोप पुसायला लागले. मी त्यांना परत स्टुलावर बसवलं आणि जिना उतरलो.

"निकलते हैं ना साब?" हनीफभाईंनी विचारलं.

"इंजिन बंद करा," मी म्हटलं. "सरांच्या कपाटात अजून चाळीस स्लाइड आहेत."