अनुभवी पाखरू आणि घरचा पत्ता

सुदर्शनने ठरवलं होतं, फ्रेशर घ्यायचा नाही म्हणजे नाही!

हे वाक्य तो हिंजवडीतल्या आपल्या काचेच्या ऑफिसात बोलला असता तर कुणी मानही वर केली नसती. पण तो उभा होता मांजरी गावात, उसाच्या बांधावर, संभाजीरावांच्या कबुतरांच्या ढाबळीसमोर. शर्यतीसाठी पाखरं निवडायला आला होता. संभाजीरावांची कबुतरं जिंकून जिंकून कंटाळलेली, असं सगळी मांजरी सांगायची.

"पिल्लं न्या, सायेब," संभाजीराव म्हणाले. "अजून बाहेरचं आभाळ बगितलं न्हाई त्यांनी. तुमच्या गच्चीवर पयल्यांदा उडतील आन् तिथलीच व्हतील."

"मग त्यांना शिकवायचं कुणी?"

"तुमीच की!"

झालं! सुदर्शनच्या अंगावर काटा आला. त्याच्या टीममध्ये यंदा नुसती पिल्लंच आली होती. एकाने पहिल्याच आठवड्यात आईच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा अख्ख्या कंपनीला मेल केल्या होत्या. दुसरा मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवून जेवला होता, तेही भाजी मागून मागून. दिवसभर त्यांना शिकवायचं आणि घरी येऊन पंखवाल्यांना शिकवायचं?

"तयार पाखरू दाखवा," तो रुबाबात म्हणाला. "अनुभवी."

संभाजीरावांनी कोपऱ्यातली जोडी दाखवली. नर असा ऐसपैस बसला होता की त्याचं नावच तहसीलदार पडलं होतं. मादी अर्थातच तहसीलदारीण.

"पर ही बसवायची जोडी हाय हां. अंड्यावरची. हिची पिल्लं उडवायची."

"हा उडत नाही?"

"उडत न्हाई?" संभाजीरावांचा अपमान झाला. "तीन वर्सं पयला आलाय! एकदा उडला की थांबायचा न्हाई!"

"आणि परत येतो?"

"कुठंबी सोडा, घरीच येनार!"

इथे कथा जरा बाजूला घेतो. हॅजर्ड लाइट लावतो. वाचकहो, ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. चार शब्द आहेत. चारही सुदर्शनला नीट कळत होते. तरी एका शब्दाने घोळ केला. कोणत्या, ते इतक्यात विचारू नका. चला पुढे.

सोसायटीच्या गेटवर सेक्रेटरी श्यामसुंदर भेटले. मूळ सदाशिव पेठेतले. मांजरीला राहायला आले, तोंड तिकडचंच ठेवलं.

"काय आहे पिंजऱ्यात?"

"कबुतरं."

"विकत?"

"हो. जोडी."

श्यामसुंदर क्षणभर सातव्या मजल्यापर्यंत लावलेल्या जाळ्यांकडे बघत राहिले. "बरं झालं. फुकटची कमी पडतच होती."

घरात दीपमाला कंबरेवर हात ठेवून उभी होती. फ्लॅटला जोडून मोठं टेरेस होतं आणि तिथे तिला मुलांचा चित्रकलेचा वर्ग काढायचा होता. पाट्या रंगवून झाल्या होत्या. चटया आल्या होत्या. आता त्या चटयांवर तहसीलदार पिंजऱ्यासकट बसला होता.

"एक शर्यत," ती म्हणाली. "एकच! तुझं पाखरू पहिलं घरी आलं तर टेरेस तुझं. नाही आलं तर माझं. आणि मग कुरकुर ऐकणार नाही."

"लिहून देऊ?"

"नको. आई साक्षीला आहे."

सुंदराबाई, म्हणजे सासूबाई, वर्ध्याहून महिनाभरासाठी आल्या होत्या. त्यांनी चहाच्या कपातूनच मान डोलावली.

सुदर्शनने जोडीला पिंजऱ्यात बसवून बाजरी, मका, हरभरा यांचा असा खुराक लावला की घरातल्यांनी आपलं ताट तहसीलदाराच्या ताटाशी ताडून बघावं! उडायचा सराव? छे! सिनियर माणसाला कुणी सराव देतं का? त्याने रविवारी तहसीलदाराशी फक्त औपचारिक चर्चा केली. ती अशी:

सुदर्शन: आधीची जागा का सोडलीत?
तहसीलदार: (मान वळवून उसाकडे बघतो.)
सुदर्शन: इथे दीर्घकाळ राहण्याचा विचार आहे ना?
तहसीलदार: (उसाकडेच बघतो.)
सुदर्शन: अपेक्षा काय?
तहसीलदार: गुटर्र. (पुन्हा ऊस.)

"जावईबापू," सुंदराबाईंनी विचारलं, "हा सारखा तिकडंच काऊन पाह्यते जी?"

"व्हिजन आहे, आई."

"बाप्पा! म्या म्हटलं मान आखडली."

शर्यतीच्या आधल्या आठवड्यात तहसीलदारणीने अंडी घातली. दोन! सुदर्शन तर नाचायचाच बाकी होता. घरी बायको अंड्यांवर बसलेली असताना नर कुठे रेंगाळणार? सुसाट येणार! ऑफिसात त्याने सगळ्यांना सांगून टाकलं. एकाने विचारलंही, "सर, पॅटर्निटी लीव्ह?"

शर्यत भरवणाऱ्या कबुतर क्लबच्या माणसाने शर्यतीची सगळी पाखरं गाडीतून इंदापूरला नेली. सकाळी तिथून सोडणार होते.

आणि इथे टेरेसवर जत्रा! सुदर्शन मोबाइल घेऊन वेळ नोंदवायला सज्ज. सुंदराबाईंच्या हातात औक्षणाचं ताट. दीपमाला टेप घेऊन भिंत मोजत होती, फळा कुठे बसेल ते बघत. श्यामसुंदर "तक्रार नोंदवायला आलोय" म्हणून आले आणि खुर्ची मागून बसले.

बराच वेळ आभाळात नुसती घार होती.

मग एक ठिपका!

"आला!" सुदर्शन ओरडला. "एकटाच आहे! पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही! तहसीलदार आला!"

ठिपक्याला पंख फुटले. पंखांना वेग होता. काय वेग होता! दुपारच्या जेवणाची वेळ झालेला सरकारी माणूसच! पाखरू सरळ सोसायटीच्या दिशेने आलं. टेरेसच्या वर आलं. सुदर्शनने दोन्ही हात पसरले. सुंदराबाईंनी ताट ओवाळायला उचललं. अंड्यांवरून तहसीलदारणीने मान वर केली.

आणि तहसीलदार डोक्यावरून निघून गेला!

थांबला नाही. वळला नाही. खाली बघितलंसुद्धा नाही! उसाच्या वरून तरंगत गेला आणि पलीकडे, टेरेसवरून अगदी स्पष्ट दिसणाऱ्या संभाजीरावांच्या ढाबळीच्या पत्र्यावर अलगद उतरला.

सुंदराबाईंचं ताट अजून हवेतच गोल फिरत होतं.

श्यामसुंदर म्हणाले, "वेळ नोंदवलीत का?"

फोन वाजला. संभाजीराव!

"सायेब, पेढं आना! पाखरू पयलं आलं!"

"कुठे?" सुदर्शनचा आवाज कबुतराएवढा झाला होता.

"घरी!"

"कुणाच्या घरी?"

"त्येच्या!" संभाजीराव म्हणाले. "सांगितलं नव्हतं व्हय, कुठंबी सोडा, घरीच येनार! अवो पर ते उडवायचं पाखरू न्हाई, बसवायचं हाय! मोठं पाखरू घर इसरत न्हाई. आता क्लबात नाव तुमचं, पाखरू माज्या पत्र्यावर. बक्षीस ना तुमाला, ना मला!"

सुदर्शन मटकन चटईवर बसला. मग त्याला एक काडी सापडली आणि त्याने ती धरली.

"दीपा, पण पैज काय होती? पाखरू पहिलं घरी आलं तर! आलं की नाही घरी?"

दीपमालाने टेप गुंडाळला.

"सुदर्शन, दिवाळीला मी 'घरी जाऊया' म्हणते, तेव्हा तू तिकिटं कुठली काढतोस?"

"वर्ध्याची."

"लग्नाला आठ वर्षं झाली आपल्या. त्या बिचाऱ्याला एक महिना झालाय!"

सुदर्शन पिंजरा उचलायला पुढे झाला, तर सासूबाई आडव्या आल्या.

"खबरदार! बाळंतीण हाय ते! अंड्यावरून उठवता का तिले? अन् तिचा नवरा असा माहेरी पळालेला!"

दीपमालानेही आत डोकावून बघितलं. तहसीलदारीण तिच्याकडे एका डोळ्याने बघत होती. दोघींमध्ये काय ठरलं कोण जाणे! टेरेस दीपमालाचं झालं आणि दीपमालाने त्यातला एक कोपरा तहसीलदारणीला दिला. सुदर्शनच्या वाट्याला झाडू आला.

संध्याकाळी संभाजीराव मोटरसायकलवरून आले. एका हाताला उसाच्या कांड्या, मागे पुठ्ठ्याच्या खोक्यात तहसीलदार. "ह्येला आता सोडू नका," ते म्हणाले. "पिल्लं सोडा."

पिल्लं! ज्यांच्यापासून पळाला तीच अंडी फोडून नशिबी आली. दोन. पिवळ्या लवेची, मोठ्या नाकाची, दिसायला अगदी त्या मेलवाल्यासारखी! चित्रकलेच्या वर्गातली मुलं महिनाभर दुसरं काही काढेनात. पिसं फुटल्यावर सुदर्शन त्यांना घेऊन निघाला. आधी गेटपासून सोडली. एक थेट श्यामसुंदरांच्या खिडकीत गेलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो "यांचं मेंटेनन्स कोण भरणार?" या प्रश्नासह आला. मग हडपसरहून सोडली. मग स्वारगेटहून. चुकली, ओरडा खाल्ला, म्हणजे सुदर्शनने खाल्ला, आणि शिकली.

शेवटी एक दिवस तो टोपली घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढला. हिंजवडीच्या गेटवर वॉचमनने विचारलं, "यात काय आहे, सर?"

"फ्रेशर."

दुपारी अर्धी रजा टाकून त्याने पार्किंगमध्ये टोपली उघडली. दोघांनी एक घिरटी घातली आणि पूर्वेला निघून गेली. सुदर्शन धावत बसमध्ये बसला. घामाने ओला. गेली ना? की पुन्हा कुणाच्या पत्र्यावर?

दीपमालाचा फोन आला. मागे मुलांचा कल्ला चालू होता.

"आली! दोन्ही आली!"

"कुठे?" त्याने भीतभीत विचारलं.

"कुठे म्हणजे? घरी!"

आठ वर्षांत या बाईच्या तोंडून हा शब्द त्याने शेकडो वेळा ऐकला होता. दर वेळी पुढे रेल्वेचं आरक्षण होतं.

"कुठल्या घरी, दीपा?"

"वेडा आहेस का? आपल्या!" ती म्हणाली. मग तिचं तिलाच काहीतरी लक्षात आलं असावं, कारण आवाज एकदम करडा झाला. "बरं, मुलांना खाऊ आणायचाय. तू कुठपर्यंत आलास?"

सुदर्शनने खिडकीतून बाहेर बघितलं. पुढे गाड्यांची रांग जागची हलली नव्हती. वॉचमनने ओळखीचा हात हलवला.

"गेटपर्यंत," तो म्हणाला.

"सोसायटीच्या?"

"कंपनीच्या."