फळ्यापाशी कोण?

दुसरीच्या इंग्रजीच्या तासाला सर आणि बाई दोघे मिळून शिकवत. एकाने फळ्यापाशी उभं राहून शिकवायचं, दुसऱ्याने बाकांमधून फिरत मुलांना मदत करायची, अशी ही नवी पद्धत. अडचण एवढीच, की सर कुठेही असले तरी शिकवतच. बाई फळ्यावरून 'काउ' म्हणाल्या की सर मागून गाईचे चारही पाय मोजून दाखवत.

मागच्या तपासणीत साहेबांनी शेरा मारला होता, 'सर फार बोलतात.' पुन्हा तसाच शेरा आला तर इंग्रजी काढून घेऊन सरांना ग्रंथालयाची कपाटं सांभाळायला देणार, असं मोठ्या बाईंनी बजावलं होतं. सरांनी धसकाच घेतला. आज पुन्हा तपासणी होती.

"जीभच माझी वैरीण!" असं स्वतःला सुनावून त्यांनी आज फक्त मदतनीस व्हायचं ठरवलं. बाईंना सरांची कीव आली होती. फळ्यापाशी बोललेलं खपतं, म्हणून आज फळा सरांनाच द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. ठरवलेलं एकमेकांना सांगायचं तेवढं राहिलं.

साहेब येऊन मागच्या बाकावर बसले. सर आणि बाई, दोघेही बाकांमधून फिरू लागले. फळा कोराच.

"बाई, करा ना सुरू," सर कुजबुजले.

"छे हो, आज तुम्ही! मी तोंडसुद्धा उघडणार नाही."

"अहो, मी उघडलं की कपाटं आलीच गळ्यात!"

पाच मिनिटं झाली. शेवटी पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी कंटाळून उठली, फळ्यावर गाय काढली आणि हुबेहूब बाईंसारखी म्हणाली, "व्हॉट इज धिस?"

"काउ!" वर्ग गरजला.

मागून तिची मैत्रीण सरांसारखी खाकरली. "फोर लेग्ज! काउंट! वन, टू..."

"सर, प्लीज! वन मिनिट!" फळ्यापाशची 'बाई' म्हणाली.

"नो, नो! वन टेल आल्सो!" मागचे 'सर' ऐकेनात.

वर्ग खिदळत होता आणि सगळा तास इंग्रजीत बोलत होता. सरांचे कान लाल झाले, पण हसू काही आवरेना.

"मी एवढा बोलतो?" त्यांनी बाईंना विचारलं.

"तिनं कमीच केलंय, सर."

दुपारी मोठ्या बाईंनी शेरा वाचला. "'मुले धडाधड इंग्रजी बोलतात. शिक्षक एकदाही मध्ये पडले नाहीत. उत्तम.'"

सरांचा जीव भांड्यात पडला.

"थांबा, पुढे आहे. 'मात्र या वर्गाला दोन शिक्षकांची गरज नाही. एक पुरे.'"

"कोण?" दोघांनी एकदम विचारलं.

"नाव नाही लिहिलं साहेबांनी. 'दोन वेण्यांची' एवढंच लिहिलंय."