डाव्या कानाची कबुली

आमच्या बेटाच्या चारी बाजूंना समुद्र, आणि मी नऊ वर्षं समुद्रात बुडी मारायला शिकवणाऱ्या केंद्रात कारकून. तरीही पाण्याखाली काय आहे ते मी फक्त पाहुण्यांच्या फोटोंत पाहिलेलं. त्या सकाळी एका जर्मन आजीबाईंनी विचारलं, "खालची पोवळी कशी आहेत हो?" आणि मी ठरवलं, आज आपणही जायचं.

घरून निघताना बायकोनं, फझनानं, बजावलं होतं, "हिल्मी, नाक गळतंय तुझं. पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही."

"छे गं, दिवसभर फायली आहेत!" मी म्हणालो होतो. (तेव्हा ते खोटं नव्हतं. तासाभरानं झालं.)

खाली जाण्याआधी अर्ज भरावा लागतो. 'सर्दी आहे का?' या रकान्यात 'हो' लिहिणाऱ्या कितीतरी धडधाकट माणसांना मी आल्या पावली परत पाठवलंय. माझ्या अर्जात मी शिंक आवरत 'नाही' लिहिलं, आणि खाली 'अर्ज तपासला' म्हणून सहीही मीच ठोकली.

चार मीटरवर डाव्या कानात कुणीतरी दाभण खुपसलं. नाक दाबून फुंकलं, गिळून पाहिलं, काही उपयोग नाही. पुढे आजीबाई मजेत तरंगत चालल्या होत्या. त्यांच्यादेखत वर कसा पळणार? मी आणखी दोन मीटर खाली गेलो.

वर आल्यावर आमचा शिक्षक शिफाऊ माझा कान बघून गंभीर झाला. "पडदा फाटला असेल. चारच्या बोटीनं राजधानीहून, मालेहून, डॉक्टरीणबाई येतायत. तोवर कानात काही घालू नकोस. तेल तर मुळीच नाही. कायमचा बहिरा होशील."

घरी पोचलो तर दारातच सासूबाई.

"मम्मा, पंख्याचं वारं लागलं कानाला," मी म्हणालो. (हे मात्र धडधडीत खोटं.) सासूबाईंच्या खोबरेल तेलाचे थेंब निम्म्या बेटाच्या कानांत पडलेत, हे मी घाबरून विसरलोच होतो.

पाच मिनिटांत मी अंगणातल्या झोपाळ्यावर आडवा, डावा कान वर. फझनानं डोकं धरलेलं आणि सासूबाईंच्या हातात कोमट तेलाचा चमचा.

"मम्मा, नको!"

"घाबरतोस काय बाळा? चिल्लीपिल्लीसुद्धा गप्प पडून राहतात."

मी पायानं झोका दिला. पहिला चमचा मानेवर सांडला. सासूबाईंनी गुडघ्यानं झोपाळा अडवला आणि चमचा पुन्हा भरला.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सांगितलं तर फझना माझं काय करेल देव जाणे. नाही सांगितलं तर तिचं बोलणं जन्मभर अर्धंच ऐकू येणार. (क्षणभर हा पर्याय बरा वाटला. क्षणभरच. मासे साफ करताना ती गुणगुणते, ते मला फार आवडतं.) मी जीव एकवटून ओरडलो, "मी बुडी मारली! सर्दी असताना! पडदा फाटलाय!" आवाज डोक्यात ढोलासारखा घुमला.

"काय पुटपुटतोय गं हा?" सासूबाईंनी विचारलं.

"तुझे आभार मानत असेल, मम्मा."

कान बंद असला की स्वतःचाच आवाज एवढा घुमतो, की माणूस आपसूक हळू बोलतो. पाहुण्यांना हे रोज मीच सांगतो! चमचा कलला. थेंब टोकाशी आला. मी घसा फाटेस्तोवर किंचाळलो.

शेजारच्या अंगणात नारळ खवणं थांबलं.

"कधी मारलीस बुडी?" फझनानं विचारलं.

"सकाळी."

"आणि पंखा?"

तिनं आईच्या हातातून चमचा काढून घेतला. "थेंब आत गेला असता तर रे?" ती एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाईंनी कानात उजेड पाडून बराच वेळ पाहिलं. "पडदा शाबूत आहे. सुजलाय. दहा-बारा दिवस या कानानं कमी ऐकू येईल," त्या म्हणाल्या, आणि मला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

परतताना फझना माझ्या डाव्या हाताला चालत होती. वारा भणाणत होता. ती मान खाली घालून हळू काहीतरी बोलत होती. शब्द एक कळेना, पण चेहऱ्यावरून राग निवळलेला दिसला. असल्या वेळी नवऱ्यानं 'काय म्हणालीस?' असं विचारू नये. मी तिचा हात घट्ट धरला आणि मनापासून म्हणालो, "हो गं, नक्की! वचन देतो!"

ती जागीच थांबली. मग वळसा घालून माझ्या उजव्या कानाशी आली.

"मी विचारलं, माझ्याशी पुन्हा कधी असं खोटं बोलशील?"