गोदाआत्या आणि चित्रातली छुमी

रावजी शिवलकरांच्या पडवीत टीव्ही आला आणि समोरच्या गोदाआत्याचं खळं ओस पडलं.

तोवर मांडवीजवळच्या त्या वाडीतली पोरं दर रविवारी संध्याकाळी आत्याच्या घरापुढच्या खळ्यात जमायची. आत्याला मूलबाळ नव्हतं. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घर बघणारा. गळा मात्र देवाने सढळ हाताने दिलेला. खेकड्याची, होडीची, कावळ्याची गाणी ती स्वतःच रचायची, आणि पोरं तोंडं उघडी टाकून ऐकायची. आता नेमक्या त्याच वेळेला टीव्हीवर छुमी येऊ लागली. दोन वेण्या, टपोरे डोळे, बोराएवढं नाक. हाताने काढलेलं हलतं चित्र ते, पण मान वेळावून असं काही गायचं की पोरं जागची हलत नसत.

"काय गं सखू, आली नायस ती?" आत्याने एकदा रावजींच्या नातीला अडवून विचारलं.

"छुमी असते ना आत्या."

"माझ्यापेक्षा चांगलं गाते काय ती?"

सखूला अजून खोटं बोलायची अक्कल आली नव्हती. "हो," ती म्हणाली. "आणि तिला मधेच धाप पण लागत नाय."

आत्याने हे गाऱ्हाणं सखूच्या आजीकडे, काशीकडे नेलं. काशीने तिची समजूत घातली. "अगो, ती खरी थोडीच हाय? नुसतं चित्र. गाते ती कोणतरी दुसरीच बाई, असं आमचे हे सांगतात."

"म्हणजे मेलीला स्वतःचा गळा पण नाय," आत्या म्हणाली, आणि तिचं दुःख दुप्पट झालं. जित्याजागत्या बाईने पोरं पळवली असती तर पदर खोचून भांडता आलं असतं. रेघोट्यांशी भांडायचं कसं?

पुढच्या रविवारी दुपारी ती उसनी आणलेली विळी परत द्यायला काशीकडे गेली. रावजी बाजारात गेले होते, काशी आत लवंडली होती. पडवीत टीव्ही एकटाच होता. आत्याच्या मनात त्याचं काही वाकडं करायचं नव्हतं. नुसता आवाज बंद करून ठेवावा, एक दिवस त्या छुमीला मुकी बघावी, एवढीच इच्छा. रावजी फिरवायचे ते बटण तिने धरलं आणि फिरवलं. ते फिरलं, आणखी फिरलं आणि तिच्या हातात आलं.

"कोण ता?" आतून काशीचा झोपाळू आवाज आला.

"मीच. विळी ठेवून जाते गो," आत्या म्हणाली, आणि बटण मुठीत धरून सटकली. वाटेत विहीर लागली. बटण पाण्यात डुबुक् करून पडलं तेव्हा तिला फार बरं वाटलं आणि लगोलग फार भीती वाटली.

सखूचा वाढदिवस त्याच दिवशी होता. हे आत्याला कळलं संध्याकाळी, काशी शिऱ्याला बोलवायला आली तेव्हा. नाही म्हणायची सोय नव्हती. ती गेली. पडवीभर पोरं बसलेली, आणि रावजी पक्कड घेऊन टीव्हीच्या पुढ्यात उकिडवे.

"जल्लं बटण गेलं कुठे?" असं म्हणत त्यांनी बटणाच्या जागची काडी पकडीत धरून पिळली. काडी तुटली. टीव्ही कुरकुरला आणि गप्प झाला. चित्र मात्र लख्ख.

तेवढ्यात छुमी आली. जाळ्यातल्या माशासारखी नुसतीच तोंड उघडू-मिटू लागली. आत्याला हेच तर बघायचं होतं. पण आधी सखूने ओठ काढला, मग तिने सूर लावला, आणि तिचं बघून सगळी पडवी रडायला लागली. काशीने पुढे केलेली शिऱ्याची वाटी सखूने ढकलून दिली. आत्याने टीव्हीकडे पाठ फिरवली.

रावजींनी तिला बाजूला घेतलं. "गोदाताई, तुम्ही पडद्याआडनं गा. पोरांना काय समजतंय."

"मी? त्या चित्रासाठी?"

"चित्रासाठी नाय. सखूसाठी."

टीव्ही माजघराच्या दारालगत ठेवलेला होता आणि दाराला पडदा होता. आत्या पडद्यामागे जाऊन बसली. तिथून तिला टीव्ही दिसत नव्हता. छुमी गेली की मी खोकतो, मग थांबा, असं रावजींनी बजावलं.

आत्याने खेकड्याचं एक नवंच, पोरांनी अजून न ऐकलेलं गाणं धरलं.

"खेकडोबा, खेकडोबा, तिरके तिरके चाला,
सासुरवाडीचा रस्ता तुमचा चुकून मागे गेला."

रडणं थांबलं. पोरं टाळ्यांचा ठेका धरू लागली. कितीतरी दिवसांनी आपल्या गाण्यावर टाळ्या पडताहेत, हे ऐकून आत्याचा गळा मोकळा झाला. ती रंगली. बाहेर छुमी वेण्या उडवत निघून गेली. रावजी खोकले.

पण रावजी विडी ओढणारे. त्यांचा खोकला वाडीला कोंबड्याच्या आरवण्याइतका सवयीचा. आत्या गातच राहिली.

टीव्हीवर आता शेतीचा कार्यक्रम लागला. चष्मेवाले, टाय बांधलेले एक अधिकारी आंब्यावरच्या तुडतुड्यांची माहिती द्यायला बसले. त्यांनी तोंड उघडलं आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने, बाईच्या गोड आवाजात ते खेकडोबाला तिरके चला म्हणू लागले. मधेच बोट उंचावून त्यांनी औषध फवारायचा पंप दाखवला, तेव्हा गाण्यातले खेकडोबा नेमके नदीत पडत होते. पोरं गडाबडा लोळू लागली. रावजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकले. आज यांचा खोकला फारच वाढलाय, असं वाटून आत्याने त्याच्या वर आवाज चढवला.

शेवटी काशीने आत येऊन तिचं तोंड दाबलं.

आत्या मागल्या दाराने वळसा घालून पुढे आली. पोरं तिच्याकडे धावलीच. "आत्या, तुम्ही कुठे होतात? ते चष्मेवाले काका काय गायले. छुमी काहीच नाय त्यांच्यापुढे."

"तुमच्यापेक्षा पण भारी," पोरांतला धोंडू म्हणाला.

आत्याने रावजींकडे बघितलं. आता खरं सांगून टाकावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण रावजी जमिनीवर वाकून पुटपुटत होते, "बटण असं आपोआप जाईल कसं?" आत्या शिऱ्याची वाटी घेऊन गुपचूप खाली बसली.

आठवड्याभरात टीव्ही दुरुस्त झाला. रविवारी छुमी येऊन गायली आणि गेली. पोरांनी तिच्याकडे धड बघितलंही नाही. सगळी पोरं काकांसाठी थांबली होती. मग काका आले आणि आपल्या घोगऱ्या आवाजात खतांविषयी बोलत बसले. पोरांनी बराच वेळ वाट पाहिली.

"घसा बसलाय त्यांचा," सखूने निदान केलं.

मग सगळी उठली आणि आत्याच्या खळ्यात आली. आत्या तांदूळ निवडत बसली होती.

"आत्या, त्या काकांचं खेकड्याचं गाणं तुम्हाला येतं काय?" सखूने विचारलं.

आत्याने सूप बाजूला ठेवलं. "येतं थोडं थोडं," ती म्हणाली, आणि गाऊ लागली. पोरं दाटीवाटीने बसली. पहिलं कडवं संपत आलं तसा धोंडूने हात वर केला.

"आत्या, असं नाय. काका हितं आवाज जरा वर न्यायचे."

आत्याने दात-ओठ खाल्ले, मांडी नीट घातली आणि आवाज जरा वर नेला.