ऑगस्टमधला बर्फ

एउतिमियोने मुलीसाठी ‘न्येवेस’ हे नाव सुचवलं आणि बाळंतीण ओब्दुलिया ताडकन उठून बसली.

“कोण ही?”

“कोण म्हणजे? पोरीचं नाव!”

स्पेनमधल्या बुर्गोसकडच्या त्या खेड्यात नाव कुणी निवडत नसे. मूल ज्या संताच्या दिवशी जन्मेल, त्याचंच नाव.

“अगं, न्येवेस म्हणजे बर्फ. रोमला पूर्वी एकदा भर ऑगस्टात एका टेकडीवर बर्फ पडला. त्या बर्फाने मारियामातेने आपल्या देवळाची जागा दाखवली म्हणे. पाच तारखेला त्याचा सण असतो.”

“पोरगी दोन तारखेला झालीय!”

“तीन दिवसांनी काय बिघडतंय?”

मेंढ्यांपलीकडे कधी न बोलणाऱ्या नवऱ्याला रोमचा बर्फ सांगितला कुणी? ओब्दुलियाने त्याचा कोट झटकला. खिशातून कागद पडला. त्यावर बावीस वेळा ‘न्येवेस’. एउतिमियोला तर लिहिता येत नव्हतं. म्हणजे त्या बयेनेच लिहून खिशात कोंबलं! अक्षरही वेडंवाकडं.

“पिणारी दिसतेय,” ओब्दुलिया पुटपुटली.

कोट तो फक्त मंगळवारी घालायचा, अरांदाच्या बाजारात चीज विकायला जाताना. पुढच्या मंगळवारी तान्ह्या पोरीला शालीत गुंडाळून तिने त्याच्या मागून सुटणारी बस पकडली.

“एउतिमियो? तो न्येवेसकडे असेल,” बाजारात त्याच्या शेजारी बसणारी मधवाली सहज म्हणाली. “चर्चच्या मागे, पहिला मजला. दर मंगळवारी जातो. तासभर तरी लागतो त्याला.”

ओब्दुलियाने जिना चढून दार ढकललं. टेबलाशी जीभ बाहेर काढून एउतिमियो पेन्सिलीशी झुंजत होता. समोर पट्टी घेऊन पंचाहत्तरीच्या निवृत्त मास्तरीणबाई उभ्या होत्या.

“रेघेच्या वर जायचं नाही, सांगितलं ना!”

बायकोला पाहून एउतिमियोचे कान लाल झाले. “लग्नात मी अंगठा उठवला, तेव्हा तुझे भाऊ हसले होते. पोरीचं नाव मला माझ्या हाताने लिहायचंय. बाईंनी आधी त्यांचंच नाव गिरवायला दिलं, न्येवेस. चार महिन्यांत तेवढंच येतंय.”

ओब्दुलियाने शालीचं टोक डोळ्यांना लावलं.

शुक्रवारी नोंदणी कचेरीतल्या अर्जावर त्याने ‘न्येवेस’ लिहिलं. रेघेच्या वर न जाता. कारकुनाने पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. “आईचं नाव.”

एउतिमियोने पेन खाली ठेवलं. “ते अजून झालं नाही.”

“सात वर्षं संसार केला, आणि माझं नाव व्हायचंय?”

“सोपी नावं आधी घेतात गं.”

ओब्दुलियाने पेन हिसकावलं आणि आपलं नाव इतकं ठसठशीत लिहिलं, की बापाच्या नावाला जागाच उरली नाही. एउतिमियोने हळूच सुटकेचा निःश्वास टाकला. तेही अजून झालं नव्हतं.