दौलत क्लासेसचा नफा जातो कुठे?

अंबरनाथ पूर्वेला माझ्या तोडीचा डिटेक्टिव्ह नाही. पश्चिमेला असेल, पण तिकडे आई एकटीला सोडत नाही. मी तुळशी. नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची आणि वय पंधरा. उमा माझी असिस्टंट. तिच्याकडे या तिन्हींपैकी फक्त वय आहे.

शिवमंदिराच्या रस्त्याला दौलतकाकांचे दौलत क्लासेस आहेत. एमआयडीसीतली पक्की नोकरी सोडून काकांनी ते काढले. वर्ग इतका भरलेला, की पोरं खिडकीत बसतात. तरी मास्तरांचा पगार, भाडं, खडू आणि घरखर्च गेला की काकांच्या हातात भोपळा.

"दिवाळीपर्यंत हेच चाललं तर क्लास बंद," काका म्हणाले. "परत कंपनीत. साहेब घेतील का, देव जाणे."

"काका, नफा चोरीला जातोय. केस माझी."

काकांच्या बायकोने, राजाकाकूंनी, आमच्यापुढे कांदाभज्यांची बशी ठेवली. खातखात मी विचार सुरू केला.

पहिले संशयित गणिताचे भगवान मास्तर. पायात नवेकोरे बूट. आम्ही स्टेशनपर्यंत त्यांचा पाठलाग केला. बूट सासऱ्यांनी दिलेत आणि चावतात, हे त्यांनीच सांगितलं, कारण ते इतके हळू चालत होते की पाठलाग करताकरता आम्ही त्यांच्या पुढे गेलो.

दुसरी थिअरी खडूंची. खडू रोज कमी होत होते. मी बोटांचे ठसे घेणार, एवढ्यात उमा म्हणाली, "ते मी खाते." मी तिला सस्पेंड केलं. मग एकटीला बोअर झालं म्हणून परत घेतलं.

तिसरी थिअरी एकदम झकास. उल्हासनगरच्या कुठल्यातरी क्लासने इथे हेर पेरलाय. म्हणून रविवारी, फीचा हप्ता भरायच्या दिवशी, मी फीच्या टेबलाजवळ पहाऱ्याला बसले. एकेका पोरामागे आई, बाबा, आजी, वर शेजारीण.

"बसा, बसा," काका प्रत्येकाला म्हणत. "अगं, गरम भजी आण. पैसे घेऊन आलेल्याला तसंच पाठवायची आमच्या गावाला रीत नाही."

एका आजोबांनी पाच रुपये ठेवले. "बाकीचे पुढच्या रविवारी आणतो. चटणी छान झालीय."

हेर शोधताशोधता मी तिसरी बशी संपवली.

गर्दी पांगल्यावर काकू झारा घेऊनच बाहेर आल्या. "अहो, सिलिंडर पंधरवड्यात संपला. आता नव्याचा नंबर कधी लागायचा?"

"त्याला मी काय करू?"

"बघा जरा. हप्ता पाच रुपयांचा, खाणारे पाच जण. पोरं वाढतील तसे आपण बुडणार."

काका खुर्चीत बसलेच.

"माझंही हेच अनुमान होतं," मी म्हणाले. उमाने माझ्या बशीकडे बघितलं.

"पण दारी आलेल्याला नाही कसं म्हणू गं?" काकांचा आवाज अगदी बारीक झाला.

"म्हणू नका. वर्षाची फी एकदम भरली तर भजी. हप्त्याला पाणी," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी लाइन फाटकाबाहेर गेली. तेच आजोबा वर्षाचे पैसे रुमालात बांधून सगळ्यांत पुढे.

संध्याकाळी काकांनी पगार, भाडं, सिलिंडर बाजूला काढलं. तरी उरले. त्यांनी त्या नोटा दोनदा मोजल्या. मग कंपनीत परत घ्या म्हणून लिहिलेला अर्ज खिशातून काढला, त्यात उरलेली भजी गुंडाळली आणि डिटेक्टिव्हची फी म्हणून माझ्या हातात दिली.